नाल बघली का?

घोड्याकडे पाठ करून घोडा तपासणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भाईंदर स्टेशनाबाहेर, खडीच्या रस्त्यावर तो उभा राहायचा. तोंड खाडीकडे, हात मागे बांधलेले, डोळे मिटलेले. त्याच्या पाठीमागून गाडीवाला घोडी चालवत न्यायचा आणि परत आणायचा. हा मान जराशी तिरकी करून टापांचा आवाज ऐकायचा. दोन फेऱ्या झाल्या की म्हणायचा, "मागचा उजवा. वर न्हाय, खालती, घोट्यात." मग वळून आधी घोडीला विचारायचा, "काय बाय, बरी हायस ना?" गाडीवाल्याची विचारपूस सगळ्यांत शेवटी.

तो नालबंद होता. घोड्याबैलांना नाल ठोकणं हा त्याचा धंदा. पहिल्या महायुद्धात पलटणीच्या घोड्यांबरोबर तो बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता आणि येताना एक खाकी टोपी, एक लांब कानस आणि इंग्रजी हुकुमांचे चार शब्द घेऊन आला होता. ते शब्द तो फक्त जनावरांशी बोलायचा. माणसांशी बोलताना त्याची बोली उत्तन-तारोडीकडच्या ख्रिस्ती लोकांची. त्याला नाव होतं, चर्चच्या वहीत ते लिहिलेलंही असणार. पण राई-मुर्ध्यापासून डोंगरीपर्यंत सगळे त्याला नालबंद एवढंच म्हणायचे. मीही तेच म्हणतो.

मी त्याचा मत्सर करत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं लोकांना त्याच्याविषयी सांगताना मी 'आदर' हा शब्द वापरत आलो. आदर होता, पण तो फार नंतर आला, आणि मत्सर अजून पुरता गेलेला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी मी त्या गावात आलो. गुरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढे जनावर उभं करायचा लाकडी खोडा, औषधांचं कपाट आणि एक कंपाउंडर. मला तो राजवाडा वाटला होता. माझे वडील पेणकडच्या खारजमिनीत भात लावायचे. त्यांना सही येत नव्हती. मी तालुक्याच्या शाळेत शिकलो आणि पुढे मुंबईच्या कॉलेजात गेलो, ते एका गुरुजींच्या कृपेने. त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, आणि त्या सगळ्याच्या आधी माझी जीभ सुधारली. आमच्या आगरी बोलीत ळ नाही. मी 'शाला', 'डोला', 'फला' म्हणायचो आणि वर्ग हसायचा. गुरुजी शाळा सुटल्यावर मला समोर बसवायचे. "जिभेचं टोक मागे वळव. अजून मागे. आता सोड." महिनाभर हे चाललं. एक दिवस त्यांनी हातात काहीतरी धरून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "गूळ." स्वच्छ ळ निघाला. तो खडा त्यांनी माझ्या तोंडात घातला. त्या गुळाची चव मी विसरलेलो नाही, आणि ते उपकारही.

असा मी, पदवी घेऊन, इस्त्रीचा कोट घालून दवाखान्याच्या खिडकीत बसायचो. समोर स्टेशनाजवळच्या चिंचेखाली नालबंदाचा ऐरण-भाता. लंगडणारं जनावर माझ्या दारावरून पुढे जायचं आणि चिंचेखाली थांबायचं. माझ्याकडे यायची ती हगवण, जंत आणि सरकारी टोचणी. पाय त्याचे, पोट माझं, अशी वाटणी गावानं परस्पर करून टाकली होती. आणि मला तर कॉलेजात सांध्यांच्या रोगांत पहिला नंबर मिळाला होता.

त्याची हात लावायची रीत वेगळी होती. तो जनावराला तळहात कधी लावत नसे. मुठीची मागची बाजू, बोटांच्या पाठी, ती सांध्यावर टेकवायचा आणि दहा-बारा श्वास होईपर्यंत तशीच ठेवायचा. मला वाटलं हा दिखावा आहे. एकदा न राहवून विचारलं.

"तलहात मेलाय, डाक्टर," तो हात उलटा करून दाखवत म्हणाला. "चालीस वरसं हातोडा. निखारा ठेवलास तं कलनार न्हाय. मागची कातडी जिती हाय."

मी मान डोलावली आणि आत येऊन कंपाउंडरला म्हटलं, "तलहात." कंपाउंडर पोट धरून हसला. "चालीस वरसं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो. तो आमचा नेहमीचा खेळ होता. नालबंद काहीतरी बोलून गेला की आम्ही त्यातले ल वेचायचो.

पण दवाखान्याचं दार लावून मी दवाखान्याची पाण्याची गाडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या बैलाच्या गुडघ्यावर बोटांच्या पाठी टेकवून पाहिल्या, हेही खरं. मला काही कळलं नाही. कंपाउंडरला मी बैल अंगणात फिरवायला लावला आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत उभा राहिलो. कंपाउंडरनं विचारलं, "साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"

सांधे तपासताना नालबंदाच्या खिशात चुन्याची डबी असायची. जो सांधा गरम लागेल त्यावर तो अंगठ्यानं चुन्याचं बोट ओढायचा. मग चार पावलं मागे सरून ती पांढरी बोटं पाहायचा. त्याचा नियम साधा होता आणि तो कुणालाही सांगायचा.

"एक सांधा सुजला तं पाय बघायचा. दोन सुजले तं जनावर बघायचं. तीन सुजले तं गोठा बघायचा, ते कुटं जन्मलं, कुटं झोपतं, काय खातं."

हेच मी इंग्रजीत तीन पानांच्या तक्त्यात शिकलो होतो. एका सांध्याचा रोग बहुतेक माराचा असतो. अनेक सांध्यांचा रोग रक्तातून येतो, आणि रक्तात तो कुठून शिरला ते शोधावं लागतं. तक्ता मला तोंडपाठ होता. पण त्याचं वाक्य ऐकलं तेव्हा वाटलं, माझा तक्ता कुणीतरी उन्हात आणून ठेवला. मी ती तीन वाक्यं माझ्या वहीत उतरवून घेतली. कुणाची, ते लिहिलं नाही.

एका पावसाळ्यानंतर मिठागरांचे बैल आजारी पडायला लागले. अंगात ताप, तोंडाला लाळ, आणि चालताना असे अडखळायचे की जणू चारही पाय उसने आणलेत. एका मिठागराच्या मालकानं मला बोलावलं, कारण त्या दिवशी नालबंद उत्तनला लग्नाला गेला होता. मी थर्मामीटर लावलं, सांधे दाबले, संधिवाताचं निदान केलं, आणि तीन आठवड्यांचं औषध लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बैलांच्या पायांवर चुन्याची बोटं.

"तू बोललास काल पुढचा डावा होता, आज मागचा उजवा," नालबंद मालकाला सांगत होता. "फिरता हाय. सांधा बिघडला असता तं एका जाग्यावं बसला असता. यो तिवा. तिसऱ्या दिशी उठंल. सावलीत ठेव, पानी पाज, पाय चोलू नको."

तिसऱ्या दिवशी बैल उठले. मालक माझ्याकडे आला, हात जोडले आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचं औषध लय गुणाचं, तीन दिवसांत फरक." मला बरं वाटणार तोच तो पुढे म्हणाला, "नालबंद बोललाच होता, तिसऱ्या दिशी."

तिवा माझ्या पुस्तकातही होता. तीन दिवसांचा ताप, फिरतं लंगडणं, सगळं. मी त्याला ओळखलं नाही, कारण तो पुस्तकात इंग्रजीत होता आणि इथे बैलांत होता.

एकदा मात्र माझी बाजू वर आली. तारोडीच्या एका बाईची डुकरं नाताळच्या आधी आजारी पडली. ती नालबंदाची नात्यातली, म्हणून आधी त्यालाच नेलं. त्यानं पाहिलं, चुना लावला, आणि सरळ माझ्या दवाखान्यात आला. पहिल्यांदाच. टोपी काढून दारात उभा राहिला.

"डाक्टर, मना समजत न्हाय. गुडघं गरम, घोटं गरम, आनि आंगावर लाल लाल चवकोन उटलेत. चल माज्याबरोबर."

मी गेलो. डुकरांच्या पाठीवर उमटलेले ते लाल, तिरपे चौकोन पाहताच मला पुस्तकातलं रंगीत चित्र आठवलं. रोगाचं नाव सांगितलं. मातीतून येतो, रक्तात जातो, मग सांध्यांत बसतो, हेही सांगितलं. आजारी डुकरं वेगळी काढायला लावली. बाईला म्हटलं, "हे चौकोन दिसले की समजायचं. अगदी शंकरपाळ्यांसारखे."

"शंकरपाल्या!" नालबंद ओरडला. त्याला तो शब्द इतका आवडला की तो मोठ्यानं हसला. "बराबर, शंकरपाल्या! डाक्टर, ती गोष्ट परत सांग. मातीतून कशी जाते? कातडीतून का तोंडातून?"

मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग रोगाचं इंग्रजी नाव तीनदा म्हणवून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः म्हणून पाहिलं. परत येताना सबंध रस्ताभर विचारत होता. साठीचा माणूस, त्या बाईच्या देखत मला विचारत होता आणि त्याला काहीच वाटत नव्हतं.

त्या दिवशी मी जिंकलो होतो. तरी घरी येताना मनात काहीतरी टोचत राहिलं. मी विचार करत होतो की आपल्याला असं कधी कुणाला विचारता येईल का. माझ्या कोटाला ते शोभलं नसतं. मला त्याचं ज्ञान जेवढं डाचायचं, त्याहून जास्त त्याचं हे विचारणं डाचायला लागलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नालबंदाचा पाय मोडला. तारोडीत मुलीच्या घराचं छप्पर शाकारताना वरून पडला. चिंचेखालचा भाता थंड झाला. मी खिडकीतून रिकामी जागा पाहायचो, आणि खोटं कशाला बोलू, मला मोकळं वाटायचं.

त्याच दिवसांत स्टेशनावरचा गाडीवान माझ्याकडे आला. हा तोच, ज्याची घोडी नालबंद पाठ फिरवून ऐकायचा. मुसलमान, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा, सगळ्यांना 'साब' म्हणणारा. त्याची घोडी व्याली होती. शिंगरू अकरा दिवसांचं होतं.

"डागदरसाब, शिंगरू उठत नाय. मागचा पाय फुगलाय. मेरे को लगता है, माँ का पाँव पडा."

घोड्याचा पाय, आणि माझ्या दाराशी! मी कोट चढवला, पेटी घेतली आणि त्याच्या पुढे चालत निघालो.

शिंगरू तपकिरी होतं, कपाळावर पांढरी टिकली, पाय बांबूसारखे लांब. मागच्या उजव्या पायाचा सांधा सुजून लिंबाएवढा झाला होता. ताप होता. गाडीवान उकिडवा बसून त्याच्या मानेखाली हात घालत होता.

"घोडी थकली साब. दोन साल और. उसके बाद ये गाडी खींचेगा. घरात सात तोंडं आहेत, साब. हे उठलंच पाहिजे."

"उठेल," मी म्हटलं. "मार लागलाय. घोडीनं पाय दिलाय."

थंड पट्ट्या बांधल्या, औषध दिलं. दुसऱ्या दिवशी पुढचा डावा सांधाही सुजला होता. मी गाडीवानाला समजावलं की दुखरा पाय वाचवताना सगळा भार दुसऱ्या पायांवर येतो, म्हणून. त्याला ते पटलं. मला पटलं होतं का? आज सांगता येत नाही. एवढं आठवतं की वहीतली ती तीन वाक्यं मनात आली होती आणि मी ती बाजूला सारली, कारण ती माझी नव्हती. तो दुसरा दिवस होता, आणि गाडीवान त्याच दुपारी सवारी घेऊन उत्तनला जाणार होता.

संध्याकाळी तो परतला तो थेट दवाखान्यात.

"साब, नालबंदाला भेटलो. बिस्तर पे पडा है. शिंगरूचं सांगितलं. उसने बोला, डाक्टरला जाऊन सांग, आदी नाल बघ, मंग सांधं. दो बार बोला. नाल बघ."

मी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनं माझ्याकडे पाहिलं.

मला जो आनंद झाला तो सांगताना आजही लाज वाटते. घोडीचे नाल त्यानंच ठोकलेले. म्हणजे म्हाताऱ्याला स्वतःच्या कामाची शंका आली होती! खिळा वर राहिला असणार, शिंगरूला लागला असणार, आणि ते त्याला तारोडीत पडल्या पडल्या आठवलं असणार. आम्ही लगेच घोडीचे पाय उचलले. मागच्या डाव्या नालाचा एक खिळा खरंच थोडा वर आला होता. नखभर, पण वर. मी तो नाल उपटून काढला, रुमालात गुंडाळला आणि दवाखान्यातल्या टेबलावर ठेवला. गाडीवानाला म्हटलं, "पाहिलंस? हे असं असतं. शिक्षण नसलं की."

नंतर दोन दिवस शिंगरू तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी चारही पायांचे सांधे सुजले. ते उभं राहून दूध पिईना. गाडीवानाची बायको वाटीनं दूध पाजत होती, आणि शिंगरू वाटीत नाक बुडवून नुसतं श्वास घेत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तारोडीहून बैलगाडी आली. नालबंद गवतावर बसून आला होता, पायाला बांबूच्या कांबी, हातात काठी. दोघांनी धरून त्याला शिंगराजवळ बसवलं. त्यानं डोळे मिटले, बोटांच्या पाठी एका सांध्यावर ठेवल्या, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. चुन्याची चार बोटं ओढली. मग डोळे उघडून माझ्याकडे वळला.

"नाल बघली का, डाक्टर?"

ते व्याकरण ऐकून मला राहवलं नाही. गुरुजी नेहमी सांगायचे, घोड्याच्या पायाचा तो नाल, पुल्लिंगी. ती नाल म्हणतात ते हिंदीवाले. मला वाटलं, पलटणीत राहून याची भाषाही बाटली.

"बघली नव्हे, बघितला," मी म्हटलं. "हा काय." आणि रुमाल सोडून नाल त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो हातात घेतला. उलटा केला. वर आलेल्या खिळ्यावर बोट फिरवलं.

"माजाच हाय," तो हळूच म्हणाला. "खिला आलाय जरा वर. पन लाथ एका जाग्यावं लागतं, डाक्टर. चार जाग्यावं कशी लागंल?" मग त्यानं नाल खाली ठेवला, शिंगराला अलगद कुशीवर वळवलं, आणि पोटाखाली बेंबीशी बोट नेलं. वरून खपली कोरडी होती. त्यानं कडेनं दाबलं. खपलीखालून पिवळा पू आला.

"मी या नालीचं बोललो," तो म्हणाला. "आयसशीं जोडलेली असतं ती."

नाळ.

मी तिथेच उकिडवा बसलो. गाडीवानाला अजून कळलं नव्हतं. त्याच्या कानांनी नाल ऐकला होता आणि नालच आणून दिला होता, त्यात त्याची काय चूक. त्यानं व्यायच्या वेळी नाळ विळ्यानं कापून गोठ्यातल्या मातीनं लिंपली होती, कारण एरवी हे काम नालबंद करायचा आणि तो पाय मोडून पडला होता. घाण तिथून रक्तात गेली आणि रक्तातून सांध्यांत. माझ्या पुस्तकात हे एक आख्खं पान होतं. नंतर जाऊन पाहिलं तर मीच त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती.

आम्ही बेंबी धुतली, आयोडीन लावलं, शेक दिला, जे जे करता येत होतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिंगरू गेलं. घोडी त्याला नाकानं ढकलत होती.

गाडीवान नालबंदासमोर येऊन उभा राहिला. "बोल रे. गलती किसकी?"

मी तोंड उघडलं असतं की नाही, ते मला कधीच कळणार नाही, कारण नालबंद आधी बोलला.

"माजी. मी पाय मोडून पडलो ना. उबा असतो तं नाल मी कापली असती. डाक्टर कवा आला? अकराव्या दिशी. तवर सगलं रक्तात गेलेलं."

गाडीवान खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसून घोडीकडे गेला. माझी विद्या त्यानं घेतली, माझी जनावरं घेतली, आणि आता माझी चूकसुद्धा त्यानं घेतली. ती तरी माझ्याकडे राहू द्यायची होती.

मी नालबंदाला बैलगाडीपर्यंत पोचवायला गेलो. गवतावर टेकताना तो म्हणाला, "तुज्या पुस्तकात हाय का हे? काय लिवलंय? सांग मना." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, मी पुष्कळ शोधला. मी सांगितलं. कापायचं कशानं, दोरा कुठे बांधायचा, आयोडीन कसं आणि किती दिवस लावायचं. त्यानं तीनदा विचारलं. मग म्हणाला, "एक बाटली दे."

पाय बरा झाल्यावर तो ती बाटली चुन्याच्या डबीशेजारी ठेवून हिंडायला लागला. गाय व्याली, म्हैस व्याली, घोडी व्याली की नालबंद हजर. लोक विचारायचे हे काय, तर सांगायचा, "डाक्टरचं औषद." वर्षभरात गावोगावी बायका एकमेकींना म्हणायला लागल्या, "वासराला डाक्टरची नाल केली का?" युद्धात आयोडीन मिळेनासं झालं तेव्हा दवाखान्यापुढे बाटल्या घेऊन रांग लागायची. माझं त्या भागात जे काही नाव झालं ते त्याच्या तोंडून झालं. ती नाल माझी नाही, असं मी एकदाही कुणाला सांगितलं नाही.

शिंगरू गेलं त्याच वर्षी गणपतीला मी घरी गेलो होतो. बहीण बाळंत झाली होती. परसात केळीच्या बुंध्याशी आई काहीतरी पुरत होती. मी विचारलं, "काय करतेस?"

"नाल पुरतंय," ती म्हणाली. मग कोपऱ्यातल्या शेवग्याकडे हात करून म्हणाली, "तुजी हितं हाय. पोरगा शिकंल म्हनून तुज्या बापानं शेवग्याखाली पुरली."

हे वाक्य ती मी लहान असल्यापासून म्हणत आली होती. शेकडो वेळा ऐकलं होतं. नाल हा शब्द मी नालबंदाच्या आधी, गुरुजींच्या आधी, गुळाच्या आधी तिच्या तोंडून शिकलो होतो. तारोडीत पडलेल्या म्हाताऱ्यानं निरोप पाठवला तो माझ्याच बोलीत पाठवला होता.

नालबंद युद्ध संपायच्या आधी गेला. शेवटच्या आजारात मी त्याला भेटायला गेलो. गुडघे, मनगटं, बोटं, सगळे सांधे सुजले होते. मी जवळ बसलो. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "किती?"

मी तळहात उलटा केला. बोटांच्या पाठी त्याच्या गुडघ्यावर टेकवल्या आणि तशाच ठेवल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कातडीखालची ऊब मला नीट कळली.

"सगळे," मी म्हटलं.

"मंग गोठा बघ," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं.

तो नाल अजून माझ्या टेबलावर आहे. खिळा तसाच, नखभर वर. पाहुणे उचलून पाहतात. कुणी म्हणतं शुभ असतो, कुणी विचारतं, "हा नाल कुठला?"

मी माझ्या सवयीप्रमाणे त्यांचं व्याकरण सुधारतो.

"ती नाल," मी म्हणतो.